वायर गेली, सर्किट राहिलं

आमच्या आत्याचा उजवा गुडघा गेली चार वर्षं कुरकुरतोय. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तिला ‘शेक आणि करंट’ मिळायचा. शेकाचं काही नाही, घरी गरम पाण्याची पिशवी आहे. पण करंटसाठी रिक्षानं जाण्यायेण्यात सकाळ मोडायची. म्हणून घरीच एक यंत्र आणलं. मोबाइलएवढा डबा, चार वायरी, चार चिकट पॅड. आता साडीला खिसा नसतो. डबा कमरेला खोचला की वायर निऱ्यांत अडकायची आणि ओट्याशी वाकली की एखादा पॅड सुटायचा. “बिनवायरचं मिळतं ना रे आता?” आत्यानं विचारलं. मिळतं, आणि इतक्या तऱ्हांचं मिळतं की ते काम कसं करतं हे कळल्याशिवाय निवडणं कठीण.

या यंत्राला टेन्स म्हणतात. त्याची युक्ती आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की दुसरा हात आपोआप तिथे जातो आणि चोळू लागतो. चोळल्यानं मार कमी होत नाही, कळ कमी होते. स्पर्शाची खबर जाड, वेगवान मज्जातंतूंतून जाते. रेंगाळणारी, ठणकणारी वेदना बारीक, संथ तंतूंतून. दोन्हींची गाठ पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत पडते. तिथे स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेला पुढे मेंदूकडे जायची वाट अरुंद होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली ही कल्पना ‘गेट कंट्रोल’ म्हणून मांडली. तपशिलांत पुढे बरीच डागडुजी झाली, पण फाटकाची उपमा टिकली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मणक्याशी बसवायचं विजेचं उपकरण रुग्णाला लागू पडेल का हे पाहण्यासाठी आधी त्वचेवरून करंट देऊन बघत. काहींना तेवढ्यानंच बरं वाटलं आणि चाचणीचं यंत्र हाच उपचार होऊन बसला. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस तर गाउटच्या रुग्णाला जिवंत विद्युत-माशावर पाय ठेवायला सांगे, पाय बधिर होईपर्यंत. त्या मानानं आत्याचं बरं चाललंय.

यंत्र विजेचे बारीक ठोके देतं. सेकंदाला ८० ते १०० ठोके दिले, म्हणजे ८० ते १०० हर्ट्झ, की मुंग्या आल्यासारखं वाटतं; हे चोळण्याचं काम. सेकंदाला दोन ते चार ठोके जरा जोरात दिले की स्नायू टिचकी मारल्यासारखा उडतो आणि शरीर स्वतःची अफूच्या जातीची वेदनाशामक द्रव्यं जास्त वापरू लागतं. दोन्ही तऱ्हा असलेलं, शक्यतो हर्ट्झ आपल्याला बदलता येणारं यंत्र घ्यावं, कारण रोज त्याच ठोक्यांना शरीर काही दिवसांत सरावतं. खोक्यावरच्या ‘२५ मोड’ना मात्र भुलू नये. हातोडी, तळवा, पाऊल अशी चित्रं असतात. आत ठोक्यांची संख्या, रुंदी आणि जोर या तीनच गोष्टी उलटसुलट केलेल्या असतात.

त्यांतही जोर सर्वांत महत्त्वाचा. मुंग्या जाणवल्या की लोक थांबतात. तेवढ्यानं फारसं काही होत नाही. जोर ‘ठसठशीत, पण दुखणार नाही’ इतका लागतो आणि पाच-दहा मिनिटांनी तो बोथट वाटू लागला की एक पायरी वर न्यावा लागतो. म्हणून जोराच्या पायऱ्या भरपूर आणि बारीक हव्यात. ज्या यंत्रात सातव्या पायरीला काहीच कळत नाही आणि आठव्या पायरीला पाय झटकला जातो, ते परत करावं.

आता बिनवायरचं कोडं. वीज एका टोकानं शरीरात शिरते आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडून यंत्रात परत येते. त्याशिवाय सर्किट पुरं होत नाही. ब्लूटूथनं हुकूम पाठवता येतो, करंट परत आणता येत नाही. म्हणजे दोन सुटे, एकमेकांना कशानंही न जोडलेले पॅड एका सर्किटची दोन टोकं असूच शकत नाहीत. मग कारखानदार दोहोंपैकी एक करतात. एकाच पॅडच्या दोन पंखांवर दोन टोकं ठेवून मध्ये नाण्याएवढं यंत्र बटणासारखं टचकन बसवतात, किंवा दोन पॅडांमध्ये वीतभर वायर ठेवून त्यालाच ‘वायरलेस’ म्हणतात.

दुसऱ्या प्रकाराला फसवणूक म्हणण्याचं कारण नाही. गुडघ्यासाठी मला तोच बरा वाटला. पंखवाला पॅड कमरेवर छान बसतो, कारण कंबर सपाट आणि ऐसपैस असते. पण त्याच्या दोन टोकांमधलं अंतर कायमचं ठरलेलं असतं. टोकं जितकी जवळ तितका करंट त्वचेलगत वाहतो. लांब ठेवली तर खोल जातो. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टोक हवं असेल तर पंख पुरत नाहीत. पंखवाले दोन संच दोन बाजूंना लावता येतात, पण मग चार्ज करायच्या बॅटऱ्याही दोन. त्यामुळे ‘कोणतं चांगलं?’ याआधी ‘कुठे दुखतंय?’ हे विचारावं.

खरा खर्च यंत्राचा नसून पॅडचा असतो. नीट जपला तर एक पॅड साधारण २० ते ३० वेळा चालतो. घामाच्या दिवसांत त्याहून कमी. रोज वापरलं तर महिन्याला एक जोडी, वर्षाला बारा. पंखवाले पॅड बहुतेकदा त्याच कंपनीचे लागतात. साधे पाच सेंटिमीटरचे चौकोनी पॅड मात्र कुणाचेही चालतात. यंत्र घेण्याआधी पॅडची किंमत विचारावी. कडा सुकून पॅड अर्धा सुटला की तेवढाच करंट निम्म्या जागेतून शिरतो आणि सुई टोचल्यासारखं होतं. लोक म्हणतात मशीन बिघडलं. बिघडलेला असतो पॅड. लेबलवर औषध-नियंत्रण खात्याच्या परवान्याचा क्रमांकही पाहावा; भारतात अशी उपकरणं वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. चार्जिंग चालू असताना जे सुरूच होत नाही, ते यंत्र शहाणं.

एवढं करून गुण येतो का? २०२२ साली ३८१ चाचण्या एकत्र तपासणारा आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी होते, असा त्याचा निष्कर्ष. उलट ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असं सांगितलं. मी यातून एवढंच घेतो की हा उतारा आहे, दुरुस्ती नाही. गुडघ्याची झीज भरून येणार नाही. अर्धा-पाऊण तास दुखणं मागे सरतं आणि तेवढ्यात मांडीचे व्यायाम उरकता येतात. परत करण्याची मुदत देणारा दुकानदार म्हणूनच गाठावा.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं तसलं उपकरण असेल तर हे यंत्र नकोच. गरोदरपण, फिट्स, कर्करोग किंवा पायाच्या शिरेत गुठळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, छातीच्या आरपार आणि जखमेवर पॅड लावू नये. झोपताना किंवा गाडी चालवतानाही नको. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. पाय बधिर असेल तर जोर किती झाला ते कळतच नाही आणि त्वचा भाजू शकते. आधी डोळे मिटून कापसाचा स्पर्श नि चमच्याचा गारवा कळतो का, ते पाहावं.

आत्याला वीतभर वायरचं घेतलं. दोन दिवसांनी फोन आला, “चिकटतच नाही मेलं.” गेलो तर खोलीभर बामाचा वास. सकाळी तेल, वर बाम, त्यावर पॅड. पॅड तेलकट होऊन वाया गेला होता. गुडघा साबणानं धुऊन कोरडा केला, नवी जोडी लावली, जोर शून्यावरून एकेक पायरी चढवत नेला. चौदाव्या पायरीला ती म्हणाली, “हां, आता मुंग्या नीट चावतायत.” आता यंत्र सकाळी आणि तेल रात्री, असं ठरलंय.