डिझाइनमध्ये अबोली छटेचे उपयोजन : एक विवेचन

प्रस्तावना :
मराठीत अनेक रंगांची नावे परिचित फळाफुलांवरून आलेली आहेत. डाळिंबी, जांभळा, नारिंगी ही त्याची उदाहरणे होत. 'अबोली' हे नावही त्याच नावाच्या फुलावरून रूढ झाले. नारिंगीत पांढरा मिसळल्यावर मिळणारी ही सौम्य, उष्ण छटा वस्त्रे, भिंती, निमंत्रणपत्रिका व मुखपृष्ठे यांत सर्रास आढळते. पँटोन या संस्थेने २०२४ चा रंग म्हणून याच कुळातील 'पीच फझ' ही छटा निवडली होती. महाविद्यालयीन भित्तिपत्रके व वर्गातील सादरीकरणे यांतही ही छटा वापरली जाते. म्हणून तिचे गुण व मर्यादा समजून घेणे अध्यापकांच्या दृष्टीने उपयुक्त ठरते.

छटेचे स्वरूप :
कोणत्याही रंगाचे वर्णन वर्ण, उजळपणा व संपृक्तता या तीन अंगांनी करता येते. अबोलीचा वर्ण नारिंगी, उजळपणा अधिक आणि संपृक्तता कमी असते. 'अबोली' म्हणताच प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे नेमकी एकच छटा येईल असे नाही. म्हणून छपाईसाठी किंवा पडद्यासाठी ती अंकांत सांगणे इष्ट. संगणकावरील 'पीचपफ' ही नामांकित छटा लाल २५५, हिरवा २१८ व निळा १८५ या प्रमाणात बनते. छपाईत अशी छटा पांढऱ्या कागदावर किरमिजी व पिवळ्या शाईच्या विरळ ठिपक्यांनी साधली जाते. साहजिकच कागदाच्या पांढरेपणाचा तिच्यावर परिणाम होतो.

शेजारच्या रंगाचा प्रभाव :
फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल हे पॅरिसमधील गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका दिसतो, या तक्रारीचा शोध घेताना दोष रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे, असे त्यांना आढळले. हे विवेचन त्यांनी १८३९ च्या ग्रंथात मांडले. अबोलीलाही हाच नियम लागू पडतो. गडद निळ्याशेजारी ती अधिक उबदार भासते. भडक नारिंगीशेजारी मात्र निस्तेज वाटते. तिच्यावर ठेवलेला करडा रंग किंचित निळसर दिसतो.

वाचनीयतेचा प्रश्न :
अबोलीची खरी कसोटी अक्षरांच्या बाबतीत लागते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ मधील सुगम्यता निकषांनुसार सामान्य मजकूर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर 'पीचपफ' रंगाची अक्षरे घेतल्यास हे गुणोत्तर जेमतेम १.३ : १ भरते. याउलट त्याच छटेवर काळी अक्षरे घेतल्यास ते सुमारे १६ : १, तर गडद निळी घेतल्यास सुमारे १२ : १ होते. रंग तोच, केवळ त्याची जागा बदलल्याने हा फरक पडतो.

देवनागरीत याचे महत्त्व अधिक आहे. अनुस्वाराचा ठिपका, रफार, जोडाक्षरांतील बारीक रेषा या फिकट रंगात सर्वप्रथम लुप्त होतात आणि अर्थही बदलू शकतो. उजेड असलेल्या वर्गात प्रोजेक्टरच्या पडद्यावर हा फरक आणखी घटतो. त्याचा तोटा शेवटच्या बाकावरील व मंद दृष्टीच्या विद्यार्थ्याला होतो. तो बहुधा तक्रार करीत नाही, केवळ लिहून घेणे थांबवतो. कृष्णधवल छायाप्रतीतही अशी अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात.

प्रकाशाचा परिणाम :
सुमारे २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली अबोली भिंत अधिक नारिंगी दिसते, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तिची ऊब कमी होते. यासाठी प्रत्यक्ष जागेवर, दिवसा व रात्री, नमुना पाहूनच निवड करावी.

निष्कर्ष :
अबोली ही पार्श्वभूमीची छटा आहे, अक्षराची नव्हे. विस्तृत पृष्ठभागावर ती सौम्यता आणते. मात्र आशय वाहून नेण्याचे काम गडद रंगाकडेच सोपवावे लागते. शैक्षणिक साहित्यात रंगाचे सौंदर्य वाचनीयतेला पूरक असेल तरच ते सार्थ ठरते.