शरदाच्या रंगांसाठी बागेत गवत लावा

पावसाळा ओसरला की घरोघरी बागेची साफसफाई सुरू होते, आणि पहिली कुऱ्हाड गवतावर पडते. "दिवाळी आली, सगळं गवत खरवडून काढा," असे माळीदादांना सांगितले जाते. पण गवताच्या रंगाचे दिवस नेमके हेच. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत त्याला तुरे येतात आणि पाती पिवळी, तांबूस, वीटकरी होत जातात. थंड मुलखात शरदाचा रंग मेपल किंवा चिनारच्या झाडांवर उतरतो. आपल्या माळव्यात तो उतरतो गवतावर. मांडूच्या उतारांवर किंवा नर्मदेच्या वाळवंटात दसऱ्याच्या सुमारास गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तले शरदाचे वर्णनही कासाच्या फुलांपासूनच सुरू होते.

हा रंग इंदूर, देवास, उज्जैनच्या आपल्या अंगणात किंवा गच्चीवरही आणता येतो. खर्च थोडा आणि निगा त्याहून थोडी. मात्र गवत निवडताना विचार करायला हवा, कारण चुकीचे गवत आपल्या कुंपणात थांबत नाही.

रंग कसा येतो?

पाऊस थांबला की दोन गोष्टी घडतात. दिवस लहान होऊ लागतो आणि जमिनीतली ओल कमी होते. लहान होणारा दिवस ही अनेक गवतांसाठी तुरा काढण्याची खूण असते. ओल कमी झाली आणि रात्री गार होऊ लागल्या की पात्यांतले हरितद्रव्य मोडते, त्याखाली झाकलेला पिवळा रंग वर येतो. काही जातींत अँथोसायनिन नावाचे लाल-जांभळे रंगद्रव्यही तयार होते. त्याला भरपूर ऊन लागते.

यातून दोन नियम निघतात. गवताला रोज किमान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. आणि ऑक्टोबरनंतर जमिनीतल्या गवताचे पाणी कमी केले पाहिजे. रोज पाणी आणि वर युरिया दिला, तर गवत हिरवेच राहते, उंच वाढते आणि मधोमध फाकून आडवे पडते.

कोणते गवत लावावे?

कास : पांढऱ्या, रेशमी तुऱ्यांचे हे गवत दोन मीटरहूनही उंच जाते. मावळतीचे ऊन मागून पडले की तुरे उजळून निघतात आणि कोजागरीच्या चांदण्यातही शोभतात. मात्र याची मुळे जमिनीखालून आडवी पसरतात आणि एकदा पसरली की उपटणे कठीण. म्हणून कास मोकळ्या जमिनीत न लावता मोठ्या ड्रममध्येच लावावे.

वाळा : उन्हाळ्यात माठात घालतो तो हाच. ठोंब जागच्या जागी राहतो, मुळे सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत जातात, म्हणून उतारावरची माती धरून ठेवायला हा उत्तम. पावसाळ्याच्या शेवटी जांभळट तुरे येतात. नवशिक्यांनी सुरुवात वाळ्यापासून करावी.

रोशा : संधिवातावर चोळायचे रोशेल तेल ज्यापासून निघते ते गवत. निमाड आणि खानदेश ही याची जुनी ठिकाणे, म्हणजे हे इथलेच. तुरा पिकताना तांबूस होतो आणि हात लागला की सुगंध येतो.

गवती चहा : बहुतेकांच्या घरी असतोच. थंडी वाढली की पात्यांची टोके तांबूस होतात. चहासाठी कापताना कडेची पाती काढावीत, मधला झुबका राहू द्यावा.

जांभळे फाउंटन ग्रास : नर्सरीत सहज मिळते. पाती वाइनच्या रंगाची आणि तुरे मऊ, झुकलेले. कुंडीसाठी चांगले. याला रुजणारे बी सहसा धरत नाही.

काय टाळावे?

याच फाउंटन ग्रासची हिरवी जात मात्र लावू नये. तिचे बी वाऱ्याने उडते आणि भराभर रुजते. हवाई बेटांवर ती बागेतून निसटली आणि मोकळ्या रानात पसरली. वाळल्यावर ती सहज पेटते, त्यामुळे तिथे वणव्यांचा धोका वाढला. कॅलिफोर्नियात पंपास गवताचीही अशीच डोकेदुखी झाली आहे. आपल्याकडची माळराने आधीच आक्रसत आहेत, त्यात भर नको.

कुसळी गवत रंगाला सुंदर, पण त्याची कुसळे कपड्यांत आणि कुत्र्या-मांजरांच्या अंगात घुसतात. घराजवळ ते नकोच. घरात कोणाला परागकणांची अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल, तर तुरेवाले गवत खिडक्यांपासून लांब लावावे.

लागवड आणि निगा

लागवडीची वेळ म्हणजे पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, जून अखेर ते जुलै. बी पेरण्यापेक्षा जुना ठोंब फोडून लावणे सोपे. प्रत्येक तुकड्याला मुळे आणि चार-पाच फुटवे असावेत, पाती वीतभर ठेवून बाकी छाटावीत.

आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि गवताची मुळे कुजतात. खड्ड्यातल्या मातीत एक तृतीयांश मुरूम किंवा जाड वाळू आणि दोन ओंजळी शेणखत मिसळावे. एवढे खत वर्षभर पुरते. दोन ठोंबांत दोन ते तीन फूट अंतर सोडावे. कुंडी किमान बारा इंची हवी. कुंडीतले पाणी पूर्ण तोडू नये, वरची माती दोन बोटे वाळली की द्यावे.

गवत एकटे लावण्यापेक्षा त्याच्या पुढ्यात झेंडू किंवा शेवंती लावा, आणि जागा अशी निवडा की संध्याकाळचे ऊन तुऱ्यांच्या मागून येईल.

वाळलेले तुरे लगेच कापू नका. मुनिया त्यांतले बी टिपायला येतात. मात्र दिवाळीत काळजी घ्या : सुके तुरे ठिणगीने पेटतात. अनार, रॉकेट, फुलबाज्या त्यांच्यापासून दूर उडवाव्यात आणि कुंड्या त्या चार दिवसांपुरत्या आडोशाला न्याव्यात.

फेब्रुवारी अखेरीस, नवे फुटवे येण्याआधी, ठोंब जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावा. हातमोजे घालावेत, पात्यांच्या कडा धारदार असतात. कापलेले गवत जाळू नये. उन्हाळ्यात झाडांच्या बुंध्याशी पसरले की ओल टिकते. दर दोन-तीन वर्षांनी ठोंब मधून पोकळ होतो, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात तो उकरून फोडावा. एकाचे चार-पाच होतात. जास्तीचे शेजाऱ्यांना द्यावेत.

आता लागवडीचा हंगाम नसला तरी एक गोष्ट या वर्षीच करता येईल. अंगणाचा एक कोपरा न खरवडता तसाच ठेवा आणि डिसेंबरपर्यंत तिथे काय उगवते, कोणते पक्षी येतात ते मुलांसोबत पाहा. बऱ्याचदा लावण्याजोगे गवत आधीच आपल्या दारात उभे असते.