फोन पालथा, तरी डेटा संपतो: गाणी यूट्यूबवर लावणाऱ्यांसाठी

लॉकडाऊनमध्ये कॉलेजवाल्यांचा दिवस म्हणजे सकाळी ऑनलाइन लेक्चर, दुपारी वेब सिरीज आणि दिवसभर मागे गाणी असं असायचं. अडचण एवढीच की रोजचा 1.5 जीबी डेटा संध्याकाळच्या व्हायवाआधीच संपायचा.

शिव्या सिरीजला पडतात, पण बऱ्याचदा डेटा खातात ती यूट्यूबवर लावून ठेवलेली गाणी. फोन टेबलावर पालथा असला तरी व्हिडिओ येतच राहतो, तुम्ही बघा किंवा नका बघू.

हिशोब करून बघा. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती बिट येतात ते, आणि 8 बिटचा एक बाइट. 96 केबीपीएसचं नुसतं गाणं तासाला साधारण 43 एमबी घेतं, 320 चं 144 एमबी. व्हिडिओ 1 एमबीपीएसने आला तर तासाला 450 एमबी! असे तीन तास झाले की लेक्चरला उरलं काय? मार्च 2020 मध्ये कंपन्यांनी भारतात मोबाइलवरचा व्हिडिओ 480पी पर्यंत खाली आणला तो नेटवर्कवरचा भार कमी करायला, पण त्यात आपलाही डेटा वाचला.

तर गाणी ऑडिओ ॲपवर ऐका आणि क्वालिटी 'नॉर्मल' ठेवा. दीडशे रुपयांच्या इअरफोनवर 320 चा फरक कळतो असं मला तरी वाटत नाही. डेटा रात्री 12 ला नव्याने मिळत असेल तर साडेअकराला उरलेल्या डेटात आवडती गाणी ॲपमध्येच डाउनलोड करा (काही ॲप यासाठी पैसे घेतात). ती पुन्हा शंभरदा ऐकली तरी डेटा जात नाही.