परिषद उटीला, ऊस बांधावर



कारखान्याचे कोणी परिषदेला निघाले की वजनकाट्यावर एक बोल हमखास कानी पडतो : "ते चालले उटीले, आन् आपन इथं रातचं उसाले पानी देऊन राह्यलो!" ऐकणारे हसतात आणि गाडी पुढे सरकते. पण हा बोल नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारखान्याच्या पैशातून जे तिकीट निघते त्यात आपल्या उसाचा वाटा असतो. तेव्हा जाणारा काय घेऊन आला, हे विचारण्याचा हक्क आपलाच. मात्र विचारायचे तर माहिती घेऊन विचारले पाहिजे.

थंड हवेची जुनी रीत

काम घेऊन थंड हवेला जाण्याची रीत आजची नव्हे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९च्या सुमारास महाबळेश्वरला ठाणे वसविले. तेथील पेठेला त्यांचेच नाव पडले. पुढे इलाख्याचे गव्हर्नर उन्हाळ्यात तिकडे मुक्काम हलवू लागले. साहेब निघाला की त्याच्यामागे फायली, कारकून, पट्टेवाले सगळे घाट चढत. रयतेचे अर्ज मात्र खालीच उन्हात.

आजच्या परिषदांचे कारण थोडे निराळे आहे. आपला गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर किंवा शेतकी अधिकारी यांना कारखाना सोडता येत नाही. सवड मिळते ती पावसाळ्यात. नेमके तेव्हाच गोवा, महाबळेश्वर ओस पडलेले असते. खोल्या रिकाम्या असतात आणि दर उतरलेले असतात. शिवाय चार-पाचशे माणसे एकाच वेळी उतरतील, जेवतील आणि एका सभागृहात बसतील एवढी सोय तालुक्याच्या गावी नसते. तेव्हा परिषद गोव्याला भरली म्हणजे ती चैनच, असे धरून चालू नये.

पण सोयीच्या जागेला मोहही चिकटलेला असतो. पहिल्या दिवशी उद्घाटनाला सभागृह भरलेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, नेमक्या खोडवा व्यवस्थापनाच्या निबंधाच्या वेळी, निम्म्या खुर्च्या मोकळ्या. बाकीचे पॉइंट पाहायला गेलेले. खोडव्याचे ऐकायला कोणी नसेल तर त्या तिकिटाचा आपल्याला काय उपयोग?

ऊस जिथे, समुद्र तिथे

साऱ्या जगाच्या ऊस तंत्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिचे पहिले अधिवेशन १९२४ साली हवाई बेटांवर होनोलुलूला भरले. पुढे १९२७ साली क्यूबातील हवाना, १९२९ साली जावातील सुराबाया, १९६२ साली मॉरिशस. गावांची नावे वाचून कोणाला वाटेल, ही मंडळी समुद्रावर हवा खायलाच जात होती. खरी गोष्ट अशी की उसाला जी उबदार हवा मानवते, तीच सहलीला जाणाऱ्यालाही मानवते. ऊस त्या बेटांवर आधीपासून होता. सहलीचा लोंढा मागाहून आला.

१९२९ साली जावात जे प्रतिनिधी गेले, त्यांना तेथील मळ्यांत पी.ओ.जे. २८७८ ही जात पाहायला मिळाली. त्या काळी तिने जावाचे साखर उत्पादन कुठल्या कुठे नेले होते. याच जातीचा को २९० या जातीशी संकर करून कोइमतूरच्या केंद्रात को ४१९ तयार झाली. आपल्यातील वडीलधाऱ्यांना "चारशेएकोणीस" हे नाव वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रातील कित्येक कारखाने त्या उसावर उभे राहिले. तिची आई जावाची होती. दूरदेशीचे ज्ञान बांधापर्यंत येऊ शकते, ते असे.

मॉरिशसची गोष्ट तर आपल्या रक्तातली. तेथील उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून कराराने मजूर नेले गेले. त्यांत आपले मराठी लोकही होते. ज्या धक्क्यावर ते उतरले तो 'आप्रवासी घाट' २००६ साली जागतिक वारशात नोंदला गेला. गणेश चतुर्थीची सुटी त्या देशात आजही असते. ज्या किनाऱ्यावर लोक सुटी घालवायला जातात, तेथे आपली माणसे ऊस तोडायला गेली होती, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

हवाईची कथा सावध करणारी आहे. १९७०च्या दशकापासून तेथील मळ्यांनी उसाला ठिबक सिंचन दिले. पाण्याचे आणि यंत्रांचे नवेनवे प्रयोग केले. तरीही मजुरी आणि खर्च वाढत गेला, एकेक कारखाना बंद पडला, आणि माउई बेटावरील शेवटचा साखर कारखाना डिसेंबर २०१६ मध्ये थांबला. १९२४ साली ज्या बेटांवर जगभरचे तज्ज्ञ ऊस शिकायला जमले, तेथे आज साखरेचा एकही कारखाना चालत नाही. हॉटेले मात्र भरलेली आहेत. नुसत्या विद्येने कारखाना तगत नाही. टनामागचा हिशेबही जुळावा लागतो.

टनामागचा हिशेब

तो हिशेब आता घरच्या आकड्यात मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा, चार माणसांच्या दौऱ्याला २ लाख रुपये लागले आणि हंगामात गळीत २ लाख टन झाले. म्हणजे टनामागे १ रुपया. ज्याचा ४० टन ऊस गेला त्याचे ४० रुपये त्या दौऱ्यात गेले.

आता दुसरी बाजू. दौऱ्यावरून आलेल्यांनी तोडणीचा कार्यक्रम सुधारला. जात आणि लागणीची तारीख पाहून पक्व ऊस आधी तोडला, तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडेल अशी वाहतूक बसविली. त्यामुळे साखर उतारा फक्त ०.१ टक्क्याने वाढला असे धरा. टनामागे १ किलो साखर जादा, म्हणजे २ लाख टनाला २ लाख किलो. केंद्र सरकारने २०१९ साली ठरविलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने धरले तरी ६२ लाख रुपये झाले.

दोन लाख घालून बासष्ट लाख आले तर त्या माणसाला हार घालावा. दोन लाख गेले आणि फक्त फोटो आले, तर वार्षिक सभेत उठून विचारावे. दोन्ही हिशेबांत उटीचे नाव कुठेच येत नाही.

कोइमतूरचेच घ्या. तेथील ऊस पैदास केंद्र १९१२ सालचे. त्या हवेत उसाला तुरा चांगला येतो, म्हणून संकराचे काम तेथे होते. तेथून उटी तीन-एक तासांच्या वाटेवर. गेलेल्या माणसाने दोन दिवस केंद्रात जाती, बेणे आणि रोग पाहिले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चाने उटी पाहिली, तर कोणाचे पोट दुखायचे कारण नाही. दोन दिवस उटीत आणि दोन तास केंद्रात, असे झाले तर मात्र सभासदाचे पोट दुखणारच.

परिषद आपल्या दारी आली होती

खानदेशाने परिषदेचा आणखी एक नमुना देशाला दाखविला आहे. काँग्रेसची अधिवेशने तोवर मोठ्या शहरांत भरत. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आपल्या शेजारच्या फैजपूरचे. डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. अधिवेशन खेड्यात व्हावे ही गांधीजींची इच्छा. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी ते अंगावर घेतले. बांबूचे टिळकनगर उभे राहिले आणि नंदलाल बोसांसारख्या चित्रकाराने ते सजविले. हॉटेल नव्हते, पॉइंट नव्हता. पण शेतसारा, खंड, कर्ज आणि शेतमजुराची मजुरी यांविषयीचा कार्यक्रम त्या अधिवेशनात मंजूर झाला. ज्यांच्याविषयी ठराव होत होते ते शेतकरी मांडवातच बसलेले होते. बोलणाऱ्याला त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलावे लागत होते. गारव्याच्या गावी भरलेल्या परिषदेत नेमकी हीच उणीव राहते.

मग करायचे काय?

परिषदा बंद करा, असे म्हणणे आत्मघाताचे होईल. राज्याच्या सहकार कायद्यातही २०१३च्या दुरुस्तीने सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांचे शिक्षण ही संस्थेची जबाबदारी मानली आहे. सभासदांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा.

पहिली : जाणाऱ्याने कोणता प्रश्न घेऊन जायचे ते आधी लिहून ठेवावे. हुमणी, चोपण जमीन, खोडव्याची घट, काही असो, पण एक नेमका प्रश्न असावा.

दुसरी : परतल्यावर महिन्याच्या आत याच अंकात एक पान लिहावे. काय पाहिले, आपल्याकडे काय चालेल, काय चालणार नाही, आणि खर्च किती झाला.

तिसरी : दर वेळी एक तरी ऊस उत्पादक सभासद सोबत असावा, आणि त्यात भगिनींची पाळीही यावी. बेणे निवडणारे आणि निंदणी करणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

चौथी : पाहिलेल्यापैकी एक गोष्ट एका सभासदाच्या एक एकरावर करून दाखवावी. शेजारी बांधावरून पाहील आणि पटले तर आपण होऊन करील.

आणि गारवाच हवा असेल तर आपल्या रावेर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत पाल आहे. तेथे कृषी विज्ञान केंद्रही आहे. वर्षातून एक ऊस शिबिर तेथे भरवावे. सभासद सकाळी एस.टी.ने जाईल, दुपारी झाडाखाली बसून प्रश्न विचारील आणि संध्याकाळी पाणी धरायला घरी परत येईल. तज्ज्ञांना बाहेरून बोलावले तरी चार माणसांचेच भाडे लागेल, आणि ऐकायला चारशे माणसे असतील.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद आपल्यासमोर येईल. त्यात प्रवास खर्चाची एक ओळ असते. ती ओळ वाचावी, आणि तिच्यासमोर उसात काय आले ते शांतपणे विचारावे. चांगले काम करून आलेल्याला त्या प्रश्नाची भीती वाटणार नाही. उलट सांगायला त्याच्याजवळ पुष्कळ असेल.