मातीने दिलेली साक्ष

रासायनिक अस्त्र वापरणाऱ्याला ते नाकबूल करणे फार सोपे असते. वायू विरून जातो, प्रेते पुरली जातात आणि वाचलेल्यांचा शब्द सत्तेच्या इन्कारापुढे दुबळा ठरतो. १९२५ च्या जिनीव्हा कराराने अशा अस्त्रांचा वापर निषिद्ध ठरविला खरा. पण आरोपाची शहानिशा कशी करावी, याची तरतूद त्यात नव्हती. ही उणीव रसायनशास्त्र कितपत भरून काढू शकते, हे उत्तर इराकमधील बिरजिनी या कुर्द खेड्याच्या उदाहरणावरून दिसून येते.

२५ ऑगस्ट १९८८ रोजी या खेड्यावर विमानांतून बाँब टाकण्यात आले. ते विषारी असल्याचे निर्वासितांनी सांगितले; इराकी सरकारने इन्कार केला. जून १९९२ मध्ये मानवी हक्क संघटनांच्या पथकाने बाँबच्या खड्ड्यांतील माती आणि धातूचे तुकडे गोळा केले. चार हिवाळ्यांचा पाऊस झेललेले हे नमुने इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथील प्रयोगशाळेत तपासले गेले.

सारीन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे विष पाण्याच्या संपर्काने विघटित होते. परंतु त्याचा मागमूस नाहीसा होत नाही. त्यातील फ्लोरीन सुटून आयसोप्रोपिल मिथिलफॉस्फॉनिक आम्ल उरते, आणि त्याचे पुढे सावकाश मिथिलफॉस्फॉनिक आम्ल बनते. त्यातील कार्बन-फॉस्फरस बंध अत्यंत चिवट असतो. ही आम्ले सहजी बाष्परूप होत नसल्याने त्यांना प्रथम रासायनिक प्रक्रियेने बाष्पनशील करावे लागते. मग वायुवर्णलेखनाने घटक वेगळे केले जातात, आणि त्यांच्या रेणूंच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजून ते शुद्ध पदार्थाशी ताडून पाहिले जाते. एका खड्ड्यातील मातीत ही दोन्ही आम्ले आढळली. इतर खड्ड्यांत मस्टर्ड वायूचे अवशेष सापडले. १९९३ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले.

मात्र या शास्त्राच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. मस्टर्डपासून होणारे थायोडायग्लायकॉल उद्योगांतही वापरले जाते. तेवढ्या एकावरून अस्त्राचा आरोप सिद्ध होत नाही. शिवाय नमुना कोणी, कोठून उचलला व तो कोणाच्या हातांतून गेला, याची अखंड नोंद नसेल, तर उत्तमातले उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. म्हणूनच १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी करारान्वये प्रयोगशाळांना कठोर परीक्षा द्याव्या लागतात. भारतातील ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने ही मान्यता मिळविली होती.

आणि सर्वांत मोठी मर्यादा शास्त्राच्या हातची नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील घौता येथे सारीन वापरले गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने सिद्ध केले. पण ते कोणी वापरले, हे ठरविण्याचा अधिकार त्या पथकाला देण्यात आला नव्हता. माती विषाचे नाव सांगते; अपराध्याचे नाव उच्चारण्याचे धैर्य राष्ट्रांनीच दाखवावयाचे असते. ते दाखविले गेले नाही, तर बिरजिनीच्या मातीने चार वर्षे जपलेला पुरावा केवळ रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापुरता उरेल.