चादरी गहाण टाकणारी मारिया

घरात दोन पैसे नसले, तर आपली नजर आधी कुठं जाते? हातातल्या बांगड्यांकडं, नाही का? मारियाकडं त्याही नव्हत्या.

'बायसिकल थीव्हज' या १९४८ सालच्या इटालियन चित्रपटातली ही मारिया. नवऱ्याला भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळालीय, पण त्यासाठी लागणारी सायकल गहाण पडलेली. मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते नि त्या गहाण टाकून सायकल सोडवते. दुकानातला माणूस तिचं गाठोडं ठेवायला वर चढतो, तेव्हा दिसतात छतापर्यंत रचलेली तसलीच गाठोडी! म्हणजे घरोघरी हीच कथा. आणि ती सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते.

याचे दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिका. १९०१ साली जन्मलेले डी सिका आधी इटलीचे लाडके, देखणे नट होते. दिग्दर्शक झाल्यावर मात्र लेखक चेझारे झावात्तिनी यांच्या साथीनं त्यांनी साध्या माणसांची दुःखं मांडली. मारियाच्या नवऱ्याचं काम त्यांनी एका कारखान्यातल्या कामगाराला दिलं. हॉलिवूडचा निर्माता कॅरी ग्रँटला घ्या म्हणत होता, तरी ते बधले नाहीत.

१९५२ चा 'उंबेर्तो डी' त्यांनी वडिलांना अर्पण केला. त्यातली पोरसवदा मोलकरीण सकाळी स्वयंपाकघरात येते, शेगडी पेटवते, मुंग्यांवर पाणी मारते, कॉफी दळते. लग्नाआधीच दिवस गेलेत. डोळे भरतात, पण हात थांबत नाहीत. आपली रोजची कामं इतक्या आस्थेनं कुणी पाहिली होती? सरकारातल्या आंद्रेओत्तींनी मात्र देशाची लक्तरं वेशीवर टांगल्याचा ठपका ठेवला. चित्रपट चाललाही नाही.

डी सिकांना जुगाराचा नाद होता. पैशासाठी त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रपटांत बरीवाईट कामं केली. तरीही त्यांच्या चार चित्रपटांना ऑस्कर मिळालं. शिवाय १९६० च्या 'टू विमेन'मधल्या आईच्या भूमिकेसाठी सोफिया लॉरेनला मिळालं, ते वेगळंच. १९७४ साली ते वारले.

१९५२ साली मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'बायसिकल थीव्हज' दाखवला गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'वर त्याची छाप आहे.

मैत्रिणींनो, जमेल तेव्हा हा चित्रपट जरूर पाहा. दुसऱ्या दिवशी चादरी झटकताना मारिया आठवल्याशिवाय राहायची नाही.