समोरचं सब दिसते मले

मार्चातली सकाळ. अमरावतीत राजापेठेतला डोळ्यांचा दवाखाना गच्च भरलाय. माझ्या शेजारचे काका दर्यापूरकडचे, साठी उलटलेले. सोबत भाचा.

"मले काई झालं नाही," काका मला ऐकवतात. "समोरचं सब दिसते मले. या पोट्ट्यानं आनलं जबरदस्तीनं."

"बाजूनं येनारी फटफटीच दिसत नाही याईले," भाचा हळूच म्हणतो.

नाव पुकारतात. काका उठतात आणि दाराच्या चौकटीवर त्यांचा डावा खांदा आदळतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही. सवयच झालेली दिसते.

आत फिल्ड टेस्ट. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, समोर पांढरा वाडगा. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि कडेला बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. काका दाबतात, मग बराच वेळ दाबतच नाहीत.

"मामाजी, झोपले काय?"

"अरे, लाईट लागूनच नाही रायला, त दाबू कायले?"

स्क्रीनसमोरची मुलगी गप्प आहे. तिला दिसतंय, लाईट लागतायत. छापून आलेल्या कागदावर कडेचा मोठा भाग काळा आहे. डोळ्याचा दाब ३२. तो साधारण १० ते २१ असावा लागतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये.

"काचबिंदू आहे," डॉक्टर सांगतात.

"मंग पिकू द्या, दिवाळीनंतर काढू." काकांच्या डोक्यात मोतीबिंदूच आहे. निम्म्या वऱ्हाडाचा हाच घोळ. मोतीबिंदू काढला की नजर परत येते. काचबिंदूत दाबानं डोळ्याची नस सुकते आणि गेलेली नजर येत नाही. थेंब रोज टाकायचे, उरलेली नजर राखायला. दुखत नाही, खुपत नाही, मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते, म्हणून माणूस फसतो.

तेवढ्यात बडनेऱ्याच्या एक बाई डोकं धरून येतात. डोळा लालभडक, रात्रभर उलट्या, बल्बाभोवती रंगीत कडं दिसतंय. घरच्यांनी पित्ताची गोळी देऊन झोपवलं होतं. डॉक्टर रांग थांबवून त्यांना आधी आत घेतात. दाब अचानक चढणारा हा काचबिंदूचाच प्रकार, यात तासांचा हिशेब असतो.

काका निघताना डॉक्टर विचारतात, "सख्खा भाऊ आहे का?"

"अकोल्याले रायते. त्याचे डोये चांगले आहेत."

"तुम्हीबी तेच म्हनत होते. त्याले तिथल्या सर्वोपचार दवाखान्यामधी दाखवा."

भाचा तिथूनच फोन लावतो.

वाचकहो, वय चाळिशीपार असेल, रक्ताच्या नात्यात कुणाला काचबिंदू असेल, किंवा डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने टाकत असाल, तर नुसता चष्म्याचा नंबर काढून परत फिरू नका. डोळ्याचा दाब मोजा आणि नस तपासा, असं डॉक्टरांना तोंडानं सांगा.